रात्री साडेबाराचे फोन

"चालू झालं का?"

बस एवढंच. नाव नाही, हॅलो नाही, काही नाही. रात्री साडेबारा-पाऊणला फोन वाजायचा आणि पलीकडून कुणीतरी आवाज दाबून एवढंच विचारायचं. मी म्हणायचो झालंय, की फोन ठेवलाच. २००५ ते २००७ अशी दोन वर्षं मी हे ऐकलं. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात केबलच्या कंट्रोल रूमवर मी कामाला होतो, वय एकोणीस, बारावीला गणितात उडालेलो, पगार दीड हजार आणि रात्री तिथंच झोपायचं. कंट्रोल रूम म्हणलं की लोकांना काहीतरी भारी वाटतं, तर ती मालकाच्या घरावरची पत्र्याची खोली होती. गच्चीवर तीन मोठ्या डिश, आत रिसीव्हरची रांग, एका चॅनलला एक रिसीव्हर अन् एक मॉड्युलेटर (म्हणजे तो चॅनल टीव्हीच्या ठरावीक नंबरावर बसवायची पेटी), सगळं एका वायरीत घालायचं आणि ती वायर गावभर लाईटच्या खांबावरून, लिंबाच्या झाडावरून, कुणाच्या तरी न्हाणीच्या पत्र्यावरून फिरलेली. उन्हाळ्यात मशिनं आणि मी सारखेच तापायचो.

हे आत्ता आठवायचं कारण आमच्या गावचा व्हॉट्सॲप ग्रुप. २०२५ च्या जुलैत सरकारनं अश्लील दाखवतात म्हणून उल्लू, ऑल्ट असे धरून २५ ॲप अन् साइट बंद केल्या ना, तेव्हा कुणीतरी ती बातमी ग्रुपवर टाकली आणि मग जे हात जोडलेले, झेंडे, अंगठे सुरू झाले ते दुपारपर्यंत थांबेनात. "लई चांगला निर्णय", "आपली संस्कृती वाचली", "हे आधीच करायला पाहिजे होतं". दोघांनी तर व्हॉईस मेसेज टाकले, एक चार मिनिटांचा. मी दुकानात बसून ऐकत होतो आणि मधेच थांबलो, कारण ते दोन्ही आवाज माझ्या ओळखीचे निघाले. साडेबाराचे.

मी काही बोललो नाही ग्रुपवर. बोलायचं पण नाही. गिऱ्हाईक आहेत माझे.

आता आमच्या केबलवर नेमकं काय लागायचं ते सांगतो, कारण याबद्दल लई अफवा होत्या. खरं 'तसलं' आमच्याकडं कधीच लागलं नाही. मालक भित्रा माणूस, डीव्हीडीवर नवीन हिंदी पिक्चरची चोरटी कॉपी लावायचा लोकल चॅनलवर, तेवढीच त्याची हिंमत. पण सगळ्या गावाला खात्री होती की शेजारच्या तालुक्यात रात्री बीपी लागते (डॉक्टरची बीपी वेगळी, ज्याला कळायचं त्याला कळलं). गंमत म्हणजे मी एकदा वायर आणायला त्या शेजारच्या गावात गेलो, तिथल्या केबलवाल्या पोरासंगं चहा प्यायलो, तर तो मलाच विचारायला लागला, "तुमच्याकडं लागतं म्हणे रात्री?" म्हणजे हे गाव त्या गावाकडं बोट दाखवतंय अन् ते गाव ह्या गावाकडं. साडेबाराला लोक विचारायचे ते फॅशनच्या चॅनलबद्दल, एफटीव्ही, नाहीतर इंग्लिश पिक्चरच्या चॅनलवर रात्री उशिरा एखादा मोठ्यांचा सिनेमा असायचा त्याबद्दल. त्यात बघण्यासारखं किती होतं विचाराल तर फार काही नव्हतं, पण लोडशेडिंगचे दिवस, आठ-दहा तास लाईट नसायची, रात्री लाईट आली की माणसं उठून बसायची, एक तर शेतातली मोटर चालू करायला नाहीतर टीव्ही.

एक फोन मात्र मी विसरत नाही. बाईचा आवाज, एवढ्या रात्री बाई फोन करती म्हणून मी घाबरलोच. म्हणाली, "दादा, ते बाराच्या नंतर लाईन बंद करत जावा की. ह्यांना सकाळी पाचला ड्युटीला जावं लागतंय, उठत नाहीत." ना संस्कृती, ना अश्लील, ना राग, काहीच नव्हतं आवाजात. नवऱ्याची झोप होत नाही एवढीच तक्रार. मी म्हणलं काकू, लाईन बंद केली तर सगळ्या गावाची बंद होती. "मग ऱ्हाऊ द्या," म्हणल्या.

दिवसा तक्रारी यायच्या त्या वेगळ्या. दिवसाच्या तक्रारीला नाव असायचं, सही असायची. तहसीलला निवेदन दिलं होतं एकदा, "केबलवरील अश्लील वाहिन्या त्वरित बंद कराव्यात अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल", साठेक सह्या, एक प्रत आमच्याकडं. पुढं होते आमच्या शाळेतले एक गुरुजी, मला त्यांनीच चौथीला शिकवलेलं. आता तुम्हाला वाटेल की पुढं मी सांगणार गुरुजीच रात्री फोन करायचे. तसं नाही. गुरुजी खरे माणूस. ते निवेदन देऊन थांबले नाहीत, एका दुपारी धापा टाकत आमच्या पत्र्याच्या खोलीत जिना चढून आले, स्टुलावर बसले, तांब्याभर पाणी प्यायले आणि मग जे बोलले ते मला अजून जसंच्या तसं आठवतंय.

"हे बघ, त्या बायांनी काय घालावं हे मला नको सांगायला. माझं घर दोन खोल्यांचं. टीव्ही मधल्या खोलीत. सुना तिथं, पोरं तिथं, म्हातारी तिथं. पोरगा रिमोट घेऊन चॅनल बदलत जातो अन् मधेच ते लागतं, दोन सेकंद. त्या दोन सेकंदात कुणी कुणाकडं बघावं सांग मला. उठून बाहेर गेलो तर सगळ्यांना कळतं मी का उठलो. बसून राहिलो तर त्याहून वाईट."

मी त्यावर काय बोलणार. पण एक केलं. एफटीव्हीचा मॉड्युलेटर बदलून तो चॅनल पार वरच्या बँडला, एस बँडला, नेऊन टाकला. गुरुजींचा टीव्ही जुना, त्याला एस बँड पकडतच नव्हता. झालं, गुरुजींच्या घरातून चॅनल गायब. नव्या टीव्हीवाल्यांना पुन्हा ट्यूनिंग करून सापडायचा, ज्याला पाहिजे त्यानं शोधायचा. आठ दिवस रात्री फोन वेगळे आले, "दिसंना गेलंय हो काऊन?" आणि मी कुजबुजत नंबर सांगायचो. गुरुजी रस्त्यात भेटले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, बंद केलंस, बरं केलंस. मी मान हलवली. साठ सह्यांचं निवेदन एका स्क्रू ड्रायव्हरनं मिटलं आणि आंदोलन काही छेडलं गेलं नाही.

तिकडं मुंबईत तेव्हा हे कोर्टात चाललं होतं. सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्राध्यापक प्रतिभा नैथानी यांनी याचिका केली होती, आणि २००६ मध्ये मुंबई हायकोर्टानं सांगितलं की 'ए' सर्टिफिकेटचे सिनेमे टीव्हीवर चालणार नाहीत, 'यू' किंवा 'यू/ए' पाहिजे. मुंबईच्या केबलवाल्यांनी काही दिवस इंग्लिश पिक्चरचे चॅनलच काढून टाकले होते. मग २००७ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं एएक्सएन या इंग्लिश चॅनलवर दोन महिन्यांची बंदी घातली, जगभरातल्या जाहिरातींच्या एका कार्यक्रमावरून, आणि ती उठती न उठती तोच एप्रिलपासून एफटीव्ही दोन महिने बंद. १९९५ च्या केबल कायद्यात कलेक्टर, प्रांत यांना आमची मशिनं जप्त करायचा अधिकार आहे, हे मालकाला कुणीतरी सांगितलेलं, त्यामुळं पेपरात बातमी आली त्या दिवशी सकाळी सातलाच मालक लुंगीवर वर आला अन् स्वतःच्या हातानं वायर उपटली. एएक्सएन गेल्याचं दुःख लोकांना जास्त झालं, कारण ते स्टंटचे कार्यक्रम बघायला पोरं जमायची, त्यांना बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं की ह्यात काही अश्लील होतं. बंदीची बातमी वाचल्यावर विचारायला लागली, कधी लागायचं ते?

मी हे सगळं नुसतं हसण्यावारी नेत नाहीये. मला खरंच प्रश्न पडायचा की लाज नेमकी कशाची. कारण दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत आम्ही माळेगावच्या यात्रेला जायचो, नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात, खंडोबाची यात्रा. दिवसा घोड्यांचा-गाढवांचा बाजार, रात्री तमाशाचे तंबू, आणि जिल्हा परिषद लावणी महोत्सव भरवती, पुढारी पुढच्या खुर्चीवर, फेटे बांधून. तिथं शिट्ट्या मारायला कुणाला लाज वाटत नाही, बाप एका कोपऱ्यात अन् पोरगा दुसऱ्या कोपऱ्यात बसलेला, दोघांना माहीत, दोघं घरी वेगवेगळ्या जीपनं येणार. मी लावणीला अश्लील म्हणत नाहीये, उगं कमेंटमध्ये येऊन भांडू नका, ती कला आहे आणि त्या बायांच्या कष्टाची आहे. म्हणायचं एवढंच की यात्रेत बघायची एक जागा ठरलेली असती. तंबू असतो, तिकीट असतं, आणि घरातल्या बायका तिथं येत नाहीत. टीव्हीनं तो तंबू उचलून मधल्या खोलीत आणून ठेवला, चपात्या लाटणाऱ्या सुनेच्या समोर. लोकांची बोंब त्याची होती. बघण्याची नव्हतीच.

आणि मग मोबाईल आला अन् प्रत्येकाला आपापला तंबू मिळाला.

मधे एक चिपचा काळ होऊन गेला, तो आता कुणी लिहीत नाही. इंटरनेट महाग, सायबर कॅफेत प्लायवूडच्या खोप्यात बसायचं तर गावात तोंड दिसतं, म्हणून मेमरी कार्ड भरून घ्यायची. २०१० च्या आसपास मी केबल सोडून बसस्टँडजवळ मोबाईलचं दुकान टाकलं, रिचार्ज, कव्हर, अन् चिप भरून मिळेल. चार जीबी पन्नास रुपये. गाणी, पिक्चर, कीर्तन, आणि मग गिऱ्हाईक आजूबाजूला बघून म्हणायचं "बाकीचं पण टाका जरा". बाकीचं! एक ट्रकवाला तर म्हणायचा "निम्मे अभंग, निम्मं बाकीचं". खोटं कशाला बोलू, मी पण टाकून दिलंय. आयटी कायद्याच्या ६७-ए कलमात असलं काही पसरवलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा अन् दहा लाखांपर्यंत दंड आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, ज्या दिवशी कळलं त्या दिवशी संध्याकाळी कॉम्प्युटरची हार्डडिस्क साफ केली आणि पाटीवरची 'चिप भरून मिळेल' ही ओळ रंगानं पुसली. अजून दिसते ती ओळ, उन्हात नीट बघितलं तर.

कायद्याचं लोकांच्या डोक्यात लई उलटंसुलटं आहे, म्हणून दोन ओळीत सांगतो. मोठ्या माणसानं आपल्या खोलीत बसून बघितलं तर तो गुन्हा नाही, बनवणं-विकणं-पाठवणं गुन्हा आहे, म्हणजे ग्रुपवर फॉरवर्ड केलं तरी अडकला. आणि लहान लेकरांचं असेल तर नुसतं बघणं, फोनमध्ये ठेवणं पण गुन्हा, सुप्रीम कोर्टानं २०२४ च्या सप्टेंबरात हे परत स्वच्छ सांगितलंय, त्यात काही चर्चा नाही अन् नकोच.

तसल्या साइटींच्या बंदीचं तर काय सांगावं. इंदूरचे वकील कमलेश वासवानी यांनी २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका केली की सगळं बंद करा. २०१५ च्या जुलैत तेव्हाचे सरन्यायाधीश दत्तू यांनीच सुनावणीत विचारलं की उद्या एखादा सज्ञान माणूस आला अन् म्हणाला माझ्या चार भिंतीत मी काय बघतो ते तुम्ही कसं अडवता, तर काय सांगायचं? तरी महिनाअखेरीला सरकारनं ८५७ साइट बंद करायला सांगितल्या, एवढी ओरड झाली की चार-पाच दिवसात माघार घेतली. नंतर २०१८ मध्ये उत्तराखंड हायकोर्टानं परत आदेश दिला, डेहराडूनच्या एका शाळेतल्या बलात्काराच्या प्रकरणावरून, आणि ८२७ साइट बंद झाल्या. तोपर्यंत जिओ येऊन दोन वर्षं झाली होती. २०१६ च्या सप्टेंबरात फुकट नेट सुरू झालं तेव्हा माझ्या दुकानासमोर सिमसाठी जी रांग लागली तशी मी रेशनला पण बघितली नाही. ८२७ बंद झाल्या त्या आठवड्यात तीन-चार जण दुकानात आले, "नेट स्लो झालंय का ओ?" नेट स्लो नव्हतं झालं. पुढच्या आठवड्यात कुणी आलं नाही, कारण तोपर्यंत कॉलेजच्या पोरांनी व्हीपीएन, म्हणजे बंद साइट आडवाटेनं उघडायची युक्ती, सगळ्यांना शिकवलेली.

केबलच्या काळात निदान शिव्या द्यायला केबलवाला होता. आता शिव्या कुणाला द्यायच्या? मग सगळे मिळून 'आजची पिढी' नावाच्या कुणालातरी देतात.

पण लाज गेली असं नाही बरं का. ती नुसती आत गेली, आणि आत गेलेल्या लाजेवर आता लोक धंदा करायलेत. मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. एक जण दुकानात आला, पस्तिशीचा असंल, शेतकरी, सोयाबीन नुकतंच आडतीला घालून आलेला. म्हणला, दादा हा फोन फॉरमॅट मारा. म्हणलं का? तर काही बोलेना. नुसता फोन पुढं करायला अन् परत मागं घ्यायला. मग हळूहळू निघालं. अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल आला, पलीकडं बाई, कपडे नव्हते, ह्यानं दहा-पंधरा सेकंद बघितलं, एवढ्यात ह्याचा चेहरा त्या स्क्रीनवर आलेला रेकॉर्ड झाला. मग पैसे दे नाहीतर तुझ्या सगळ्या नातेवाईकांना पाठवतो. यादी पण पाठवली, बायकोचं नाव, साडूचं, सरपंचाचं. आधी पाच हजार, मग दहा, मग एक 'पोलीस अधिकारी' फोनवर आला तोपण खोटाच, असं करत बेचाळीस हजार गेले. सोयाबीन गेलं म्हणा की.

मी म्हणलं लगेच १९३० ला फोन लावू, सायबर फसवणुकीचा नंबर आहे, लवकर केलं तर पैसे अडकवता येतात. तो उठूनच उभा राहिला. "नको नको, नाव सांगावं लागंल." बायकोला सांगितलंस का? "येड लागलंय का तुम्हाला." बेचाळीस हजार गेलेले परवडले, पण आपण दहा सेकंद बघितलं हे कुणाला कळलेलं परवडत नाही. आणि मला माहीत आहे तो चूक नव्हता, कारण उद्या हे गावात कळलं असतं तर चोराला कुणीच काही म्हणलं नसतं, सगळे म्हणले असते, तोच तसला असंल, त्याशिवाय कॉल येतो का. हे म्हणणाऱ्यात साडेबारावाले सगळ्यात पुढं. मी फॉरमॅट मारून दिलं, नंबर ब्लॉक केले, पैसे घेतले नाहीत. नंतर एक-दोनदा रस्त्यात दिसला तर मान खाली घालून गेला. मी कधीच त्याला ओळख दाखवत नाही, त्यालाच बरं पडतं.

आणि ह्या सगळ्याचा हिशोब शेवटी कुणाच्या नावावर मांडला जातो माहीत आहे का, पोरींच्या. महिन्यातून दोन-तीन तरी बाप येतात, सोबत अकरावी-बारावीची, नर्सिंगची पोरगी. "हिच्यातलं ते यूट्यूब, इन्स्टा सगळं काढा, नुसतं फोन आला-गेला पाहिजे." एकदा मी विचारलं, काका, हिचा भाऊ पण आहे ना, त्याचा फोन आणा की, त्याच्यात पण काढतो. काका माझ्याकडं असे बघायला लागले जसं मी फुकट रिचार्ज मागितलंय. "त्याला अभ्यासाला लागतं." पोरगी खाली मान घालून नखानं काउंटरची काच खरवडत होती. ती पण अभ्यासालाच वापरायची, नर्सिंगचे व्हिडिओ, मी हिस्टरी बघितली ना साफ करताना. काकांना म्हणलं यूट्यूब कंपनीचं असतं, निघत नाही, नुसतं बंद केल्यासारखं केलं अन् चालू कसं करायचं ते पोरगीकडं न बघता मोठ्यानं बोललो, जणू काकांनाच सांगतोय. तिला कळलं असावं.

गुरुजी अजून आहेत. ऐंशीच्या आसपास, काठी घेऊन रोज संध्याकाळी बसस्टँडपर्यंत येतात. घर आता मोठं झालं, पण टीव्ही मधल्या खोलीतच, भिंतीएवढा, नेट जोडलेला. मागच्या महिन्यात मला घरी बोलावलं. म्हणाले, ते सिनेमे लागतात नेटवर, सुरू व्हायच्या आधी कोपऱ्यात काहीबाही लिहून येतं, १६ प्लस का काय. म्हणलं हां, २०२१ पासून नियम आहे, वयाप्रमाणं लिहावं लागतं, सात, तेरा, सोळा, अन् मोठ्यांचं असलं की ए. त्याला कुलूप लावता येतं. गुरुजी खूश झाले. "लाव, लाव. नातू अकरावीला आहे, घरात एकटा असतो दुपारी."

मी सेटिंगमध्ये गेलो, चार आकडी पिन मागितला. म्हणलं गुरुजी, काय ठेवू?

गुरुजींनी जरा आठवल्यासारखं केलं, मग आतल्या खोलीकडं तोंड करून हाक मारली, "बाळा, इकडं ये रे जरा. तुझ्या लक्षात राहील असा एक नंबर सांग ह्यांना, मला काही ध्यानात राहत नाही."